उजव्या बुटाचं टोक

३ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही दोघी इथे बऱ्या आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण तुझ्या चिठ्ठीत त्याबद्दल अवाक्षर नाही. "भिंगरीचे बूट दोन महिने आले नाहीत. पाठव." सात शब्द. मोजले मी. मागच्या खेपेला नऊ होते.

एवढ्याशा चिठ्ठीला मी पानभर उत्तर लिहायला बसले याचं तुला नवल वाटेल. मलाही वाटतंय. चौदा वर्षं आपला पत्रव्यवहार म्हणजे वर्षातून एकदा तू माझ्यासाठी केलेल्या बुटांचं खोकं, आणि त्यावर माझं एका शब्दाचं उत्तर, "पोचले." बोलणं बंद, बूट चालू. बुटांवर कशाला राग काढायचा, अशी मनाची समजूत घालून मी ते वापरत आले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, मापाला चोख, वर्षभर हूं की चूं न करणारे. फक्त डावा नेहमी जरा कडक लागतो. एवढी वर्षं हातात आरी धरून डाव्या पायाचं काम तुला अजून जमत नाही, हे एकदा सांगायचंच होतं. आज सांगून टाकलं.

तर तुझी लेक. एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण जिना एकेक पायरीने उतरायला तयार नाही. आमचा किकबॉक्सिंगचा क्लास एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तळाशी लॉन्ड्रीवाला कपड्यांची गाठोडी रचून ठेवतो. भिंगरी शेवटच्या चार पायऱ्या सोडते आणि गाठोड्यांवरून उडी मारून थेट रस्त्यावर. तो म्हणतो, एक दिवस हिलाही मी घडी घालून कपाटात ठेवणार. त्याच्या वाफेमुळे आमची फरशी बारा महिने कोमट असते. अनवाणी पायांना थंडीत बरं वाटतं, उन्हाळ्यात सगळे माझ्या नावाने बोटं मोडतात.

क्लासची एक गंमत तुला भिंगरीने सांगितली नसेल. सराव सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना ओळीत उभं करते आणि प्रत्येकाला एक तक्रार करायची मुभा देते. एकच. खांदा दुखतोय, मनगट दुखतंय, काय ते बोला. त्यावरून त्या दिवशी कोणाला काय करू द्यायचं ते मी ठरवते. दोन ठिकाणी दुखत असेल तर जास्त दुखणारं निवडायचं. याला ही मंडळी तक्रारीची रांग म्हणतात. बँकेत काम करणारे एक गृहस्थ येतात, त्यांनी एकदा तक्रार केली की मला माझा साहेब दुखतो. त्यांना मी त्या दिवशी बॅगेवर दुप्पट वेळ लाथा मारायला लावल्या. खूश होऊन घरी गेले.

भिंगरीची निवडीची लढत सव्वीस तारखेला आहे. जिंकली तर संघात जागा, हरली तर पुन्हा दोन वर्षं वाट बघा. तिचं सगळं लक्ष त्या तारखेकडे लागलंय. खाते नीट, झोपते नीट, अभ्यासही करते. तिला काही झालेलं नाही.

बूट आजच्या कुरिअरने पाठवते आहे. राहिले ते माझ्या आळसामुळे, तिला बोलू नकोस. तिला माझ्याकडे राहायला पाठवताना दर महिन्याला बूट घरी यायलाच पाहिजेत अशी अट तू घातलीस, तेव्हा वहिनी म्हणे हसली होती की बापाची माया बघा कशी टाचेतून निघते. असो. उजव्याचं टोक थोडं उसवलं होतं, ते इथल्याच एकाकडून शिवून घेतलं. तुझ्या कामात उगाच भर कशाला? तू फक्त सोल बघ, पॉलिश कर आणि परत पाठव.

तुझी
धाकटी


११ ऑक्टोबर

दादा,

चिठ्ठी मिळाली. "टोक कोणी शिवलं? का शिवलं?" या वेळी पाचच शब्द, आणि मी दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसले आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बसथांब्याजवळ एक म्हातारा चांभार बसतो, त्याने शिवलं. बूट हातात घेतल्याबरोबर त्याने विचारलं, "ताई, पाय ओढत चालतं का कोणी?" मी म्हटलं, नाही हो, दगडाला ठेच लागली. तो म्हणाला, "रोज त्याच दगडाला?" त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हा लोकांशी खोटं बोलणं महाकठीण.

दुसऱ्या प्रश्नासाठी तीन कागद फाडून झाले. हा चौथा.

टोक उसवलं नव्हतं, झिजलं होतं. अंगठ्याच्या पुढचं चामडं घासून घासून आतलं अस्तर दिसत होतं, आणि डाव्याला ओरखडासुद्धा नव्हता. तू तो बूट पाहिला असतास तर मिळेल त्या गाडीने आला असतास, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ऑगस्टचे बूट राहिले ते खरंच आळसामुळे, पण सप्टेंबरचे मी मुद्दाम ठेवून घेतले. तू मागितलेस तेव्हा त्यावर चामड्याचा तुकडा बसवून पाठवले. वाटलं, तुला वाटेल टाका उसवला. तुझ्याकडे चाळीस वर्षांचं काम आहे आणि मी एका तुकड्यावर तुला फसवायला निघाले होते.

भिंगरीचं उजवं पाऊल वर उचलत नाही, दादा. अगदीच लोंबत नाही, पण चालताना चवडा आधी टेकतो, आणि अनवाणी असली की फरशीवर फट्‌ असा आवाज येतो. अंगठा वर करायला सांगितला तर ती त्याच्याकडे टक लावून बघते, कपाळावर आठ्या येतात, आणि अंगठा जागचा हलत नाही. खाली बसून वाच आता. मी सगळं क्रमाने सांगते.

ऑगस्टमध्ये मी तिला माझे नडगीवर बांधायचे गार्ड दिले. माझे जुने. माझ्या सगळ्या मोठ्या लढती त्या गार्डांवर झाल्यात. आजवर मी त्यांना कोणालाही हात लावू दिला नव्हता. भाची म्हणून दिले नाहीत, माझ्याइतकी चांगली आहे म्हणून दिले, आणि सगळ्यांसमोर दिले. पण तिची पोटरी माझ्यापेक्षा बारीक. गार्ड घसरून घोट्यावर यायचे. नवे आणता आले असते. पण देताना मी एवढं भाषण ठोकलं होतं की परत घ्यायला ना मी तयार, ना ती. मग मी एक रबरी पट्टा आणला आणि रोज सरावाच्या आधी तिच्या उजव्या गुडघ्याच्या जरा खाली माझ्या हाताने आवळून बांधायला लागले, कारण मारायला आणि मार झेलायला ती तोच पाय पुढे करते. चांगला करकचून. ती म्हणायची, आत्या, घट्ट होतोय. मी म्हणायचे, घट्ट आहे म्हणूनच राहतोय. लहानपणी तू माझ्या बुटाच्या नाड्या बांधायचास ना, तसं काहीतरी मला ते बांधताना वाटायचं. म्हणून मी ते काम दुसऱ्या कोणाला देतही नव्हते.

त्यात समोरच्याची खालची लाथ पायावर झेलायचा सराव. ती लाथ बाहेरच्या बाजूने येते, बरोबर त्याच जागी.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तक्रारीच्या रांगेत ती म्हणाली, "आत्या, अंगठा झोपलाय." मी विचारलं, दुखतोय का? म्हणाली, नाही, कळतच नाहीये. मी म्हटलं, मग ती तक्रार नाही, दुसरी सांग. सगळे हसले, तीही हसली आणि म्हणाली, बरं, मग खांदा. त्यानंतर तिने रांगेत पायाचं नाव काढलं नाही. आमच्याकडे दुखण्याला नियम आहेत, न दुखण्याला नव्हता.

सहा तारखेला ती जिन्यात पडली. नेहमीसारखी उडी मारायला गेली, उजवं पाऊल पायरीच्या कडेला अडकलं आणि ती गाठोड्यांवर तोंडघशी. गाठोडी होती म्हणून दात वाचले. लॉन्ड्रीवाला मला वर येऊन म्हणाला, "बाई, महिनाभर बघतोय, पोरीचा पाय बरोबर नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर बाई माझ्याच वयाची आहे, मोजकं बोलणारी. तिने भिंगरीला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. डावं पाऊल वर राहिलं, उजवं खाली आलं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तिथे बोट ठेवलं. म्हणाली, पाऊल उचलणारी नस या हाडाला वळसा घालून जाते, अगदी कातडीलगत. वर ना मांस, ना चरबी. तिथे सारखा दाब किंवा मार बसला की ती काम सोडते. मग विजेची तपासणी केली. नस तुटलेली नाही, दादा. त्या एका जागी दबली आहे. दाब आणि मार पूर्ण थांबला, सांगितलेला व्यायाम केला, तर दोन-तीन महिन्यांत बहुधा परत येईल. बहुधा हा शब्द तिने दोनदा वापरला. आणि त्याच जागी आणखी मार बसला तर काय होईल ते सांगता येत नाही, असं एकदा.

तिचं बोट जिथे होतं तिथे कातडीवर पट्ट्याचा वळ होता. तिने विचारलं, इथे काही घट्ट बांधत होतात का? भिंगरीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, नाही, विशेष काही नाही. तिने मला वाचवलं, दादा. आणि मी तिला वाचवू दिलं. मी तिथे शेजारच्या खुर्चीत बसून होते.

आता ज्याच्यासाठी तीन कागद फाडले ते लिहिते. मला कळलं नाही असं मी कोणालाही सांगू शकते. डॉक्टरला, वहिनीला, क्लासमधल्या सगळ्यांना. तुला नाही सांगू शकत. चौदा वर्षांपूर्वी माझा डावा अंगठा असाच झोपला होता. माझ्या बुटाचं टोक असंच झिजलं होतं, आणि ते तू पाहिलंस. विचारलंस. मी म्हटलं, गुडघा जरा धरलाय, अंतिम लढत झाली की दाखवते. तू दोन दिवस बोलला नाहीस आणि लढतीच्या आदल्या दिवशी परस्पर जाऊन स्पर्धेच्या डॉक्टरला सांगून आलास. त्याने मला सगळ्यांसमोर टाचांवर चालायला लावलं. तीन पावलांत निकाल लागला.

हॉलच्या दारात मी तुला काय म्हणाले ते तू विसरला नसशील. "तुला माझं चांगलं बघवत नाही. आजपासून मला भाऊ नाही." तू माझी पिशवी उचलायला वाकला होतास. मी ती तुझ्या हातातून ओढून घेतली. नंतर सगळ्यांना सांगितलं की गुडघा गेला आणि भावाने घात केला. डॉक्टरने तेव्हा व्यायाम लिहून दिला होता, पावलाला आधार द्यायला सांगितलं होतं. मी त्यातलं एकही केलं नाही. केलं असतं तर तू खरा ठरला असतास. एवढंच कारण होतं, दुसरं कुठलंही नव्हतं. पाऊल थोडं परत आलं, बरंचसं आलं नाही. पण पुढे मी ते निश्चयाने ताब्यात आणलं. आज रस्त्याने चालताना मी अडखळत नाही, बघणाऱ्याला कळतही नाही. क्लासमध्ये मात्र अनवाणी असल्यामुळे मी एका जागी उभी राहूनच शिकवते आणि गुडघ्याचं नाव पुढे करते. शरीर ऐकतं, आपण सांगायला हवं, असं मी या मुलांना सांगत आले आहे.

म्हणून तिने "झोपलाय" म्हटलं तेव्हा मला कळलं होतं. पूर्ण नसेल, पण पुरेसं. मी ते हसण्यावारी नेलं, कारण ते खरं मानलं असतं तर माझं सगळंच खरं मानावं लागलं असतं.

डॉक्टरकडून येताना भिंगरी रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "आत्या, वीस दिवस. फक्त वीस दिवस. मग तीन महिने पाय गादीवर ठेवते, तू सांगशील ते करते. बाबांना सांगू नकोस." मी हो म्हणाले. तिच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. पट्टा तेवढा काढून टाकला आणि स्वतःला सांगितलं, झालं, निम्मं काम झालं.

आज तुला सांगून मी तो शब्द मोडते आहे. पण तू येऊ नकोस. हे मी हात जोडून लिहिते आहे. तू येऊन थांबवलंस तर तिच्या लेखी पुन्हा तूच वाईट, आणि मी लाडकी आत्या. असं एकदा झालंय, त्याचा फायदा मी चौदा वर्षं घेतला. या वेळी ते काम माझं आहे. मला चार दिवस दे. काय करायचं ते मला कळतंय, फक्त अजून धीर होत नाही.

धाकटी


१८ ऑक्टोबर

दादा,

तू आला नाहीस. फोनही केला नाहीस. भिंगरी म्हणते की बाबा दगड आहेत. त्या चार दिवसांत तू दुकानात कसा बसला असशील ते मी पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आणून पाहिलं.

पंधरा तारखेला मी स्पर्धेच्या कार्यालयात गेले. आधी तिला सांगितलं, मग गेले. तुझ्यात आणि माझ्यात तेवढाच फरक राहावा असं वाटलं. तिथल्या डॉक्टरसमोर तपासणीचे कागद ठेवले आणि लेखी दिलं की माझी खेळाडू तंदुरुस्त नाही. तो म्हणाला, तुम्हीच प्रशिक्षक ना? मी म्हटलं, मीच. घरी आले तर ती दारातच उभी होती. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. ती अगदी हळू बोलली.

"तुला जमलं नाही ना, म्हणून आता मलाही नाही."

तिची पिशवी जमिनीवर होती, ती उचलायला मी वाकले आणि तिने ती ओढून घेतली. तेव्हा मी मटकन खाली बसले, दादा, आणि रडले. तिला वाटलं तिच्या बोलण्याने रडतेय. तसं नव्हतं. तू वाकला होतास तेव्हाचा तुझा चेहरा मी हॉलच्या दारात पाहिलाच नव्हता. खालून वर बघायला लागतं तेव्हा समोरच्याचं तोंड किती लांब दिसतं, हे मला आता कळलं.

परवाच तुझं खोकं आलं. चिठ्ठी वाचली. "उजव्यात पट्टी घातली आहे. पाऊल उचलून धरेल. तुझ्या डाव्यात आहे तशीच." अकरा शब्द. शेवटचे चार मी कितीतरी वेळा वाचले. मला अर्थ लागेना. मग भिंगरीच्या उजव्या बुटात हात घातला. टाचेच्या मागे, अस्तराच्या आत, खालपासून वरपर्यंत एक पातळ, लवचीक पट्टी. वाकवली की परत सरळ होते. मग मी माझा डावा बूट घेतला, खुर्चीत बसले आणि ब्लेडने अस्तर फाडलं.

ती तिथे होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, टोकांना मऊ चामडं गुंडाळलेलं, बोचू नये म्हणून. पलंगाखालून मागच्या वर्षीचे काढले. त्यातही होती. त्याच्या मागच्या वर्षीच्यातही. तीन जोड होते घरात, तिन्ही डावे फाडले.

आणि मी तुला लिहिलं होतं की डाव्या पायाचं काम तुला जमत नाही.

म्हणजे मी माझं पाऊल निश्चयाने ताब्यात वगैरे काही आणलेलं नाही. चौदा वर्षं ते तू उचलून धरलं होतंस. मी ज्याच्याशी बोलत नव्हते त्याच्या जोरावर सरळ चालत होते, आणि लोकांना सांगत होते की शरीर ऐकतं. मला आधी भयंकर राग आला तुझा. का नाही सांगितलंस? मग कळलं की सांगितलं असतंस तर मी ते बूट फेकून दिले असते आणि लंगडत राहिले असते, केवळ तुला दाखवायला म्हणून. तू मला चांगलाच ओळखतोस.

काल दोन कामं केली. एक, त्या डॉक्टर बाईकडे एकटी गेले आणि सांगितलं की पट्टा मी बांधत होते, रोज, या हाताने. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, कारण कळलं की पुढचा अंदाज बांधता येतो. मग म्हणाली, आता तुमचे बूट काढा. मी आत आले तेव्हाच तिने माझं चालणं पाहिलं होतं, फाटक्या अस्तराच्या, पट्टी निघालेल्या बुटातलं. माझ्या नसेचं आता फारसं काही होणार नाही, असं ती स्पष्ट बोलली. ते ऐकून मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही.

दुसरं, क्लासमध्ये तक्रारीची रांग लावली आणि स्वतः तिच्या टोकाला जाऊन उभी राहिले. बँकवाले गृहस्थ म्हणाले, बाई, तुम्ही इकडे कुठे? सगळ्यांचं सांगून झालं. मग मी म्हटलं, "माझी तक्रार. माझं डावं पाऊल उचलत नाही. दुखत नाही. चौदा वर्षं झाली." टाचांवर चालून दाखवलं. कोणी हसलं नाही. आजपासून बधिर झालेलं आधी सांगायचं, दुखणारं नंतर, असा नियम केलाय. एका मुलीने लगेच सांगितलं की तिची दोन बोटं आठवडाभर झोपली आहेत. तिला सरळ दवाखान्यात पाठवलं. ते गार्ड खालच्या लॉन्ड्रीवाल्याला दिले, गाठोड्यांखाली सारायला.

भिंगरी भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. बोलली नाही. अजूनही बोलत नाही. आज सकाळी घरच्या गाडीचं तिकीट काढायला निघाली तेव्हा तुझे बूट तसेच टाकून चपला घालून बाहेर पडली. पहिल्याच पायरीवर उजवी चप्पल निसटली. थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग परत आली, बूट घातले, नाड्या बांधल्या. मी बांधून देऊ का म्हणून विचारलं नाही. जिना एकेक पायरीने उतरली.

रात्रीच्या गाडीने ती तुझ्याकडे पोचेल तेव्हा रागात असेल. तिला समजावू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. रागावू दे. फक्त व्यायाम चुकवू देऊ नकोस, मी तिथेच चुकले होते. हे पत्र तिच्याच पिशवीत घातलं आहे आणि पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचावंसं वाटलं तर वाचू दे तिला. तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, ते सगळं यात आहे.

माझे तिन्ही डावे बूटही तिच्याकडे दिले आहेत. अस्तर शिवून ठेव. न्यायला मी स्वतः येईन, पुढच्या महिन्यात, तू दार उघडणार असशील तर. तोपर्यंत इथे मी लंगडत चालते आहे, आणि लोक विचारतात तेव्हा काय झालं ते सांगते आहे.

एक काम कर. रोज सकाळी तिचा उजवा अंगठा बघ. डॉक्टर म्हणाली, आधी तोच हलेल, अगदी थोडा, तिला स्वतःला कळायच्या आधी बघणाऱ्याला दिसेल. आज सकाळपर्यंत हललेला नाही. हलला की चिठ्ठी टाक. एका शब्दाची चालेल, मी समजेन. नाही हलला तरी टाक.

तुझी बहीण,
डाव्या पायाने अधू,
धाकटी